ओटीजीमध्ये ६० अंडी 'उकडायची' आहेत: तापमान किती, वेळ किती, आणि साल नीट का निघत नाही?

मेस_विश्रामबाग (सांगली)

नमस्कार मंडळी. मेससाठी रोज सकाळी साडेसातपर्यंत ६० अंडी तयार लागतात. ३० नाष्ट्याला अख्खी, ३० दुपारच्या अंडाकरीला. त्या वेळी दोन्ही शेगड्या पोहे, उपमा आणि चहात अडकलेल्या असतात. ६० लिटरचा, २००० वॅटचा ओटीजी (टेबलावरचा विजेचा ओव्हन) मात्र रिकामा असतो, म्हणून अंडी त्यातच करायचं ठरवलं आहे.

सध्याची पद्धत अशी: अंडी थंड ओव्हनमध्येच ठेवायची, नॉब १८० वर, वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू, ३० मिनिटं. दोन जाळ्यांवर प्रत्येकी ३०. नंतर ओव्हन बंद करून अंडी आतच निवू द्यायची.

अडचणी चार आहेत. कवचावर तपकिरी ठिपके पडतात आणि सोलल्यावर पांढऱ्यावरही तसेच डाग दिसतात. वरच्या जाळीवरच्या अंड्यांच्या बलकाभोवती हिरवट-काळी कडा येते, तर खालच्या जाळीवरच्या काहींचा बलक मधोमध ओला राहतो. साल काढताना पांढरं सालीबरोबर उचकटून येतं. आणि कापल्यावर बलक एका बाजूला सरकलेला दिसतो, एका बाजूचं पांढरं अगदी कागदासारखं. अंडी पोल्ट्रीतून रोज ताजी येतात, ५५ ग्रॅमच्या आसपासची, पांढऱ्या कवचाची.

नेमकं काय बदलायचं ते आकड्यांत सांगा.

---

भट्टीकडची (सातारा)

दादा, तुमचे निम्मे प्रश्न थंड ओव्हनमध्ये अंडी ठेवल्यामुळे आहेत. ओटीजी सुरू झाला की सेट केलेलं तापमान येईपर्यंत रॉड सलग लालभडक असतात. त्या १०-१२ मिनिटांत अंड्याला हवेची उष्णता कमी आणि रॉडची सरळ आच जास्त लागते. डाग तिथून येतात. आधी ओव्हन १५ मिनिटं तापवा, मग अंडी आत. एकदा तापल्यावर रॉड चालू-बंद होत राहतात, आच सौम्य होते.

तापमान १८० नको, १६० ठेवा. पंखा असेल तर १५०. फंक्शनच्या नॉबवर दोन्ही रॉड आणि पंखा असं चिन्ह असेल तर तेच निवडा. पंखा नसेल तर वरचा रॉड बंद ठेवून फक्त खालचा चालवा.

वेळ अंड्यांच्या संख्येवर जाते. मधल्या जाळीवर १२ अंडी असतील तर १६० वर ३० मिनिटं पुरतात. ३० असतील तर ३३ ते ३५. दोन जाळ्यांवर मिळून ६० असतील तर ३८ ते ४० धरा, आणि १८ व्या मिनिटाला वरची जाळी खाली, खालची वर करा. जाळी बदलताना तिला अर्धा फेराही द्या, कारण दाराकडची बाजू नेहमी थंड असते. हे काम अर्ध्या मिनिटात व्हायला हवं. दार दोन मिनिटं उघडं राहिलं तर वेळेचं सगळं गणित कोलमडतं.

हे आकडे खोलीच्या तापमानाच्या अंड्यांचे आहेत. फ्रिजमधून थेट काढलेली असतील तर ३-४ मिनिटं वाढवा. एप्रिल-मेमध्ये सांगलीत स्वयंपाकघरच ३८ अंशांवर असतं, तेव्हा दोन मिनिटं कमी करा. आणि वेळ झाली की लगेच बाहेर, लगेच गार पाण्यात. बंद ओव्हनमध्ये सोडलेलं अंडं शिजतच राहतं. हिरवी कडा त्याचीच आहे.

पहिल्या दिवशी ६० च्या ६० घालू नका. १२ घाला, २८ व्या मिनिटाला एक काढून कापा, मग ३० ला दुसरं, मग ३२ ला तिसरं. तुमच्या ओव्हनची वेळ तीन अंड्यांत कळते.

एक महत्त्वाचं: नॉबवरच्या आकड्यावर विसंबू नका. घरगुती ओटीजीच्या थर्मोस्टॅटमध्ये १५-२० अंशांचा फरक नेहमीचा आहे. गोल डायलचा ओव्हन थर्मामीटर मिळतो, तो मधल्या जाळीला अडकवा. तोपर्यंत साखरेची परीक्षा करा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या तुकड्यावर चमचाभर साखर ठेवून नॉब १७५ वर लावा आणि १५ मिनिटं थांबा. साखर वितळली, तर ओव्हन दाखवतो त्यापेक्षा गरम आहे. नंतर नव्या साखरेने नॉब १९५ वर लावून बघा. तेव्हाही दाणे कोरडेच राहिले तर ओव्हन मागे आहे. त्या अंदाजाने नॉब पुढे-मागे करा.

---

कृष्णाकाठ (मिरज)

भट्टीकडची ताईंनी वेळ नेमकी दिली आहे. मी कारणं लिहितो, म्हणजे अंदाज चुकला तर कुठला नॉब फिरवायचा ते कळेल.

अंड्याचं पांढरं ६२ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं. पण त्यातलं निम्म्याहून अधिक प्रथिन, म्हणजे ओव्हॅल्ब्युमिन, ८० च्या पुढे गेल्यावरच पक्कं होतं. बलक ६५ ला दाट होतो आणि ७० च्या आसपास बसतो. म्हणजे बाहेर ८० पार झालं पाहिजे आणि मध्यभागी ७२ ते ७५ मिळाले की थांबलं पाहिजे. यापुढची प्रत्येक डिग्री पांढरं रबरासारखं करते आणि बलक पिठूळ.

आता पाणी आणि हवा यांतला फरक बघा. पाण्यात उष्णता अंड्याला झपाट्याने मिळते. हवा उष्णता फार सावकाश देते, म्हणून तिला १६० पर्यंत तापवावं लागतं आणि तरीही पाण्यातल्या ११-१२ मिनिटांच्या जागी अर्धा तास जातो. १८० केलं की मध्यभाग फारसा लवकर शिजत नाही, पण कवचालगतचा थर मात्र बराच वेळ जास्त तापलेला राहतो. तुमच्या वरच्या जाळीचं तेच झालं.

हिरवी कडा म्हणजे लोहाचं सल्फाइड. पांढऱ्यातल्या प्रथिनांत गंधक असतं, ते जास्त तापलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. हा वायू आतल्या, थंड बाजूला सरकतो आणि बलकाच्या पृष्ठभागावरच्या लोहाशी जुळतो. अंडं झटकन गार केलं की बाहेरची बाजू थंड होते आणि वायू बाहेरच्या दिशेने ओढला जातो. म्हणून गार पाणी हे सोलण्याच्या सोयीपेक्षा या कडेसाठी जास्त गरजेचं. ती कडा खाल्ल्याने अपाय होत नाही, पण ताटात दिसायला वाईट आणि वासही उग्र.

पांढऱ्यावरचे तपकिरी डाग वेगळे. पांढऱ्यात थोडं ग्लुकोज असतं आणि ते अल्कधर्मी असतं. तापलेल्या धातूला जिथे कवच टेकतं तिथे साखर आणि प्रथिन यांची भाजण्याची क्रिया होते, पावाच्या कवचावर होते तीच. कोरियात सौनामध्ये कित्येक तास ठेवलेली अंडी आतून पूर्ण तपकिरी होतात, त्यामागे हीच क्रिया. ती अंडी तिथे आवडीने खातात. आपल्याला नको असेल तर धातूचा स्पर्श तोडायचा, इतकंच.

आणि सोलण्याचा त्रास. इथे ओव्हनची बाजू मुळातच लंगडी आहे, हे स्पष्ट सांगतो. कवचाच्या आत जो पातळ पापुद्रा असतो, त्याला पांढरं किती चिकटणार हे पहिल्या दोन मिनिटांत ठरतं. अंडं एकदम उकळत्या पाण्यात किंवा वाफेत गेलं की बाहेरचा थर झटकन आवळतो आणि पापुद्र्यापासून सुटतो. हळूहळू तापलं तर पांढरं पापुद्र्याला धरून बसतं. थंड पाण्यात अंडी टाकून मग गॅस लावला की साल नीट निघत नाही, ते याचमुळे. ओव्हनचं तापणं त्या थंड पाण्यासारखंच सावकाश आहे. त्यामुळे ओव्हनमध्ये करायचं असेल तर अंडं कोणतं निवडायचं याला पाण्यापेक्षा जास्त महत्त्व येतं. त्याबद्दल ट्रे_तीस यांनी लिहावं.

---

ट्रे_तीस (तासगाव)

लिहितो. आजचं अंडं आज भाजायचं नाही, उकडायचंही नाही. ऑम्लेट आणि हाफ फ्रायला ताजं अंडं चांगलं, उकडण्यासाठी मुरलेलं.

ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्या पांढऱ्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजणारा आकडा) ७.६ ते ७.९ असतो. कवचाच्या हजारो बारीक छिद्रांतून तो वायू निघून जातो आणि काही दिवसांत पीएच ९ च्या वर पोहोचतो. मग पांढऱ्याची पापुद्र्यावरची पकड सुटते. फ्रिजमध्ये याला ७ ते १० दिवस लागतात. बाहेर, उन्हाळ्यात, ३-४ दिवसांत काम होतं, पण ४० अंशांत अंडी तशी ठेवू नका. सावलीच्या, हवा खेळत्या खोलीत ठेवा आणि ट्रेवर तारीख लिहा.

तुम्हाला रोज ६० म्हणजे दोन ट्रे. २१० ची एक पेटी, म्हणजे सात ट्रे, घेतली की साडेतीन दिवस जातात. एक पेटी कायम आगाऊ घेऊन ठेवा. नवीन पेटी आली की ती मागे, आधीची पुढे. चौथ्या ते सातव्या दिवसाचं अंडं हाताशी राहील. वेगळा खर्च काही नाही, फक्त एका पेटीची जागा.

अंड्याचं वय बघायला भांडंभर पाणी पुरे. आडवं तळाशी पडलं तर ताजं. तळाशीच राहून जाड बाजू वर करून उभं राहिलं तर उकडायला योग्य. तरंगलं तर फेकून द्या.

अंडी धुऊन ठेवू नका. कवचावर नैसर्गिक लेप असतो तो निघून जातो आणि छिद्रं उघडी पडतात. घाण लागलेलं अंडं शिजवण्याच्या जरा आधी ओल्या फडक्याने पुसा. चीर गेलेली अंडी ओव्हनमध्ये नकोत. आतलं बाहेर येऊन रॉडवर जळतं आणि वास सगळ्या ट्रेला लागतो. तडकलेली त्याच दिवशी भुर्जीत घाला, पूर्ण शिजवून.

बलक सरकण्याबद्दल: बलक पांढऱ्यापेक्षा हलका असतो, म्हणून वर तरंगतो. पाण्यात अंडी थोडी हलतात, ओव्हनमध्ये ४० मिनिटं एकाच कुशीवर पडून राहतात. उपाय दोन. अंडं निमुळती बाजू खाली करून उभं ठेवा. ते जमत नसेल तर ८-१० मिनिटांनी, पांढरं घट्ट व्हायच्या आत, सगळी अंडी चिमट्याने पालथी करा. १५ मिनिटांनंतर पालथी करून उपयोग नाही, तोवर बलक जागेवर बसलेला असतो. आणि फार जुनं अंडंही नको. मुरल्यावर पांढरं पातळ होतं आणि बलकाला धरून ठेवणारे दोर सैल होतात. तीन आठवड्यांचं अंडं सुंदर सोललं जातं, पण बलक हमखास एका कोपऱ्यात.

गावरान अंडी असतील तर ४०-४५ ग्रॅमची असतात. वेळ ४ मिनिटांनी कमी धरा आणि ती वेगळ्या जाळीवर ठेवा. एकाच ट्रेत लहान-मोठी मिसळली की काही कच्ची, काही कोरडी, असंच होणार.

---

मेस_विश्रामबाग

फारच उपयोगी, आभार. पुढचे प्रश्न: धातूचा स्पर्श तोडायला काय वापरू? इंटरनेटवर ओला पंचा जाळीवर अंथरायला सांगतात. खाली पाण्याचा ट्रे ठेवला तर वाफ होईल का? आणि गर्दीच्या दिवशी शेजारचा कन्व्हेक्शन (गरम हवेवरही चालणारा) मायक्रोवेव्ह वापरता येईल का?

---

भट्टीकडची

पंचा नको. ही युक्ती मोठ्या घरगुती ओव्हनसाठी आहे, तिथे जाळी आणि रॉड यांत वीतभर अंतर असतं आणि रॉड बहुधा पत्र्याखाली झाकलेला असतो. ओटीजीत खालचा रॉड उघडा. पंच्याची एखादी कड लोंबली किंवा १५-२० मिनिटांत कापड सुकलं की करपणार, आणि रॉडला टेकलं तर पेटणार. सकाळच्या घाईत हा धोका घेऊ नये.

त्याऐवजी हे करा. कमी अंडी असतील तर मफिन ट्रे घ्या आणि प्रत्येक खाचेत कपकेकचा कागद बसवा. अंडं निमुळत्या बाजूवर तिरकं उभं राहतं आणि धातूला टेकत नाही. सिलिकॉनचे साचे असतील तर आणखी चांगलं. ६० साठी इतके मफिन ट्रे मावणार नाहीत. मग ओव्हनबरोबर आलेल्या दोन सपाट ट्रेंमध्ये खडेमीठ सेंटीमीटरभर पसरा आणि त्यात अंडी निमुळत्या बाजूने किंचित रुतवून उभी करा, एकमेकांत बोटभर अंतर ठेवून. मीठ आच सारखी पसरवतं, अंडं लोळत नाही, कुशीवरचा डाग जातो, आणि ट्रे_तीस म्हणाले तो बलकाचा प्रश्नही सुटतो. तेच मीठ महिनाभर वापरता येतं. अंडं फुटून सांडलं तर तेवढा गोळा काढून टाका. मात्र मिठाचे ट्रे तापायला वेळ घेतात, म्हणून ते ओव्हन तापवतानाच आत ठेवा आणि अंडी लावायला बाहेर काढा. जाड हातमोजे आणि लांब चिमटा हवाच. मिठाच्या ट्रेवर एकूण वेळ ३-४ मिनिटांनी वाढते.

नुसत्या जाळीवरच करायची असतील तर खाली रिकामा ट्रे ठेवा. एखादं अंडं फुटलं तर रॉड वाचतो, शिवाय रॉडची सरळ आच अडते.

पाण्याच्या ट्रेचा उपयोग थोडा आहे. तळाशी अर्धा लिटर *उकळतं* पाणी ठेवलं तर आतली हवा कोरडी राहत नाही, डाग कमी होतात आणि अंड्याची हवेची पोकळी फार वाढत नाही. थंड पाणी ठेवलं तर ओव्हनची शक्ती ते तापवण्यातच जाते आणि अंडी कच्ची राहतात. पण त्याला वाफेवर शिजवणं म्हणता येणार नाही. ओटीजीच्या फटींतून वाफ निघून जाते.

मायक्रोवेव्ह: फक्त कन्व्हेक्शन मोड, १६० वर, तापवून घेऊन. मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशन मोडवर कवचासकट अंडं कधीच ठेवू नका. आत वाफेचा दाब साठतो आणि अंडं स्फोटासारखं फुटतं, कधी दार उघडल्यावर हातात. उकडून सोललेलं अख्खं अंडंसुद्धा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये. बलकात अतितप्त पाणी अडकतं आणि चावताना फुटून तोंड भाजतं. मेसच्या मुलांना हे भिंतीवर लिहूनच ठेवा.

एअर फ्रायर असेल तर १३५ अंश, १६ मिनिटं. पण एका वेळी ८-१० च्या वर जात नाहीत, म्हणून तुमच्या कामाचा नाही.

---

पाचगणी_किचन

एक सुचवू का? मेसमध्ये इडलीचा मोठा डबा असेलच. अंडी वाफेवर करा.

डब्यात दोन-तीन सेंटीमीटर पाणी. इतकं पाणी पाच-सहा मिनिटांत उकळतं. जोरात वाफ आली की इडलीच्या खोलगट खाचांत अंडी ठेवून झाकण लावा. ३० अंड्यांना १३ ते १४ मिनिटं. पाण्याला अंडी टेकत नाहीत, आपटून तडकत नाहीत, आणि पहिल्याच क्षणी १०० च्या जवळची वाफ लागते म्हणून साल सुरेख निघते. शेगडी २० मिनिटं अडकते, बस्स. चहा ठेवण्याआधी सहाला लावली तर साडेसहाच्या आत मोकळी.

आमच्याकडे डोंगरावर आणखी एक गोष्ट बघावी लागते, तुम्हाला सांगलीत लागणार नाही. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण १ अंश. सांगली ५५० मीटरच्या आसपास, पाणी ९८ ला उकळतं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर, तिथे ९५.५ च्या जवळ. पाण्यात किंवा वाफेत वेळ सुमारे दहाव्या हिश्शाने वाढवावी लागते, ११ मिनिटांच्या जागी १२. खालच्या गावातली वेळ धरून सहलीच्या बसची अंडी उकडली की बलक ओले निघतात, त्याचं कारण हे. ओव्हनला मात्र उंचीने फरक पडत नाही. १६० म्हणजे साताऱ्यातही १६० आणि वेण्णा लेकच्या काठीही १६०.

---

कृष्णाकाठ

वाफेला माझा पूर्ण पाठिंबा. थंड कवचावर वाफेचं पाणी होतं तेव्हा ती दर ग्रॅमला सुमारे २२५० जूल उष्णता तिथल्या तिथे सोडते. कोरड्या हवेला हे कधीच जमणार नाही. मोठ्या हॉटेलांतले कॉम्बी ओव्हन (वाफ आणि कोरडी आच दोन्ही देणारे) अंडी वाफेच्या मोडवरच करतात, १०० अंश, १२ ते १५ मिनिटं. ओव्हन असूनही ते कोरड्या आचेवर करत नाहीत, यातच सगळं आलं.

खर्चाचंही बघा. ५५ ग्रॅमची ६० अंडी म्हणजे ३.३ किलो. ती २८ वरून ७५ अंशांपर्यंत न्यायला लागणारी उष्णता ०.१५ युनिटपेक्षाही कमी आहे. तुमचा ओटीजी तापवणं धरून सुमारे १ युनिट घेईल. बाकी सगळं पत्रा, काच आणि खोली तापवण्यात जातं. म्हणून ओव्हन लावायचाच तर पूर्ण भरून लावा. १२ अंड्यांसाठी रोज लावणं परवडणारं नाही.

आणि २००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटलाच जोडा. एक्स्टेन्शन बोर्डवर, त्यातही मिक्सर आणि गीझरसोबत, अजिबात नको.

लाईट गेली तर दार उघडू नका. पाच मिनिटांत आली तर तेवढीच मिनिटं पुढे वाढवा. पंधरा मिनिटांच्या वर गेली आणि अर्धा वेळ झालेला असेल, तर अंडी उकळत्या पाण्यात सोडून ६-७ मिनिटांत संपवा. सकाळी गॅसवर एक पातेलं पाणी गरम असतंच. अर्धवट कोमट अंडी 'मग बघू' म्हणून ओव्हनमध्ये तासभर ठेवून देणं चुकीचं. सॅल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूला तेच तापमान मानवतं.

---

मेस_विश्रामबाग

मग असं ठरवतो: नाष्ट्याची ३० इडलीच्या डब्यात वाफेवर, करीची ३० ओव्हनमध्ये. बरोबर आहे का? आणि गार करण्याचं प्रमाण सांगा. सध्या बोअरच्या पाण्यात घालतो, पण पाणी लगेच कोमट होतं. आदल्या रात्री करून ठेवली तर चालतील का?

---

भट्टीकडची

वाटणी अगदी योग्य. ओव्हनमधलं पांढरं थोडं कोरडं आणि घट्ट असतं, ते करीला उलट बरं. चिरा देऊन हळद-तिखटात परतताना फाटत नाही, आणि एखादा डाग राहिला तरी रश्श्यात दिसत नाही. नाष्ट्याला अख्खं, पांढरंशुभ्र, मऊ अंडं हवं, ते वाफेचं.

३० अंड्यांसाठी ओव्हनचं वेळापत्रक: ५:५५ ला चालू, मिठाचा ट्रे आत. ६:१० ला अंडी. मधली जाळी, एकच ट्रे, त्यामुळे अदलाबदल नको, फक्त ६:२५ ला अर्धा फेरा. ६:४७ ला एक काढून कापा. मधला रुपयाएवढा भाग गडद आणि चिकट दिसला तर आणखी तीन मिनिटं. सगळा बलक एकसारखा फिका पिवळा असेल तर लगेच बाहेर. अंडं टेबलावर फिरवून बघण्याची परीक्षा फक्त कच्चं की शिजलेलं इतकंच सांगते, मध्यभाग बसला का हे सांगत नाही.

---

कृष्णाकाठ

गार करण्याचं गणित: ६० अंडी साधारण ८० वरून २० अंशांवर आणायला ६५० किलोजूल काढावे लागतात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल घेतो. शिवाय बोअरचं पाणीच २८ चं, तेही गार व्हायला हवं. म्हणून ६० अंड्यांना ६ लिटर पाणी आणि ३ किलो बर्फ. बर्फ वाचवायचा असेल तर आधी दोन मिनिटं साध्या पाण्यात ठेवून ते पाणी ओतून द्या, मग बर्फाचं पाणी घाला. दीड किलोत भागतं. एकूण १० मिनिटं बुडालेली राहू द्या.

पाणी आणि बर्फ दोन्ही पिण्यायोग्य हवेत. गार होताना आतलं आकसतं आणि कवचाच्या छिद्रांतून बाहेरचं पाणी थोडं आत ओढलं जातं. मासळी बाजारात वापरतात तो लादीचा बर्फ नको. घरच्या फ्रीझरमध्ये डब्यांत गोठवलेलं गाळलेलं पाणी घ्या.

सोलताना जाड बाजूकडून सुरुवात करा. तिथे हवेची पोकळी असते, पापुद्रा सहज हाती लागतो. अंडं ओट्यावर हलक्या हाताने लोळवून सगळीकडे बारीक चिरा पाडा आणि पाण्यातच सोला. पापुद्र्याखाली पाणी शिरलं की साल मोठ्या तुकड्यांत येते. नुसतं कवच निघून पापुद्रा राहिला तर ओढू नका. बोटाने पापुद्र्याची कड पकडा, मग पुढे जा.

---

ट्रे_तीस

आदल्या रात्री चालतील, पण कवचासकट ठेवा. पूर्ण गार करून, पुसून कोरडी करून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तशी सात दिवस टिकतात, तुम्हाला तर एकच रात्र हवी. सोललेली असतील तर झाकणाच्या डब्यात, वर ओलं स्वच्छ फडकं, आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

उकडलेल्या आणि कच्च्या अंड्यांचे ट्रे फ्रिजमध्ये शेजारी ठेवू नका, सकाळी घाईत हात चुकतो. उकडलेल्यांवर पेन्सिलीने फुली मारा. स्केच पेनची शाई छिद्रांतून आत जाते.

नाष्ट्याला फ्रिजमधली गार अंडी द्यायची नसतील तर कवचासकट पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा. उकळत्या नाही, हाताला जेमतेम सोसेल अशा. पुन्हा उकळली की हिरवी कडा परत येणार.